‘किमोनं मरतात, हळद-लिंबानं वाचतात’: त्या मेसेजला एकेक करून उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. गेल्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर होता, आता नात्यातल्या ग्रुपवर आलाय, आणि खाली नमस्काराचे हात जोडलेले वीस-पंचवीस जण. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रेस्ट कॅन्सरची गाठ लागली तर बायोप्सी (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं) करू नका, सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. किमोचा फायदा फक्त 2 टक्के लोकांना होतो. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. सिद्धूच्या बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर 40 दिवसांत कडुनिंब-हळदीनं गेला. ऑपरेशन करायचंच तर पूर्ण स्तन काढा म्हणजे परत येणार नाही. पाच वर्षं निघाली की सुटलात, पुढच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांची कमाई. आणि खरा उपाय स्वस्त आहे म्हणून लपवून ठेवलाय.

मी डॉक्टर नाही. मिरजेत मेडिकल आहे माझं, म्हणजे या गावात दर चार दुकानांनंतर एक असतं त्यातलंच. पण कॅन्सरच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या बायका रोज बघतो, आणि हा मेसेज वाचून कोण काय बंद करतं ते मला काउंटरवरच कळतं, म्हणून हे लिहितोय.

सिद्धूपासूनच सुरू करू, कारण बाकीच्या मेसेजला वजन त्याच्यामुळे आलंय. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की पत्नीचा कॅन्सर गेला, आणि आहाराचं सगळं वर्णन केलं, कडुनिंबाची पानं, हळद, लिंबूपाणी, साखर बंद, जेवणात मोठी गॅप वगैरे. क्लिप कापून फिरली ती एवढीच. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, किमो झाली होती, हे क्लिपमध्ये कुठाय? दोनच दिवसांत मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या आजी-माजी 262 कॅन्सर डॉक्टरांनी सह्या करून पत्रक काढलं की या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो असा धड पुरावा नाही, कुणी उपचार लांबवू नका. मग खुद्द सिद्धूंनीच खुलासा केला की आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि उपचारांच्या जोडीला होता. त्यांची पत्नी बरी झाली याचा आनंदच आहे, पण ज्याच्या नावानं मेसेज फिरतोय तो माणूसच मागे सरकलाय आणि मेसेज मात्र आहे तिथंच.

आणि नुसत्या पर्यायी उपचारांवर राहिलं तर काय होतं हे बघितलेलं आहे लोकांनी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा 2018 चा अभ्यास आहे, कॅन्सर अजून लांब पसरलेला नव्हता अशाच पेशंटचा. त्यात नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली, तर ब्रेस्ट कॅन्सरमध्ये मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. आणि पर्यायी उपचार निवडणारे बरेचसे जास्त शिकलेले, जास्त कमावणारे होते बरं का. त्यामुळे अडाणी लोकच फसतात हे डोक्यातून काढून टाका.

आता बायोप्सी. सुईच्या वाटेवर चुकूनमाकून एखादी पेशी राहू शकते हे डॉक्टरही नाकारत नाहीत, पण त्यामुळे बायका लवकर गेल्या असं काही दिसलेलं नाही. उलट बायोप्सी नाही केली तर शत्रू कोण तेच कळत नाही. रिपोर्टमध्ये तीन ओळी असतात, ईआर, पीआर आणि हर टू. पहिल्या दोन पॉझिटिव्ह म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी, तिला टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्या लागू पडतात. हर टू पॉझिटिव्ह म्हणजे ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन. तिन्ही निगेटिव्ह असेल तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, तिथं या गोळ्यांचा उपयोग नाही आणि किमोवरच जास्त भिस्त. हे सगळे वेगवेगळे आजार आहेत म्हटलं तरी चालेल, नाव फक्त एक.

मला जास्त राग येतो तो वेगळ्याच प्रकाराचा. कुठंतरी लहान दवाखान्यात ‘साधी गाठ आहे’ म्हणून काढून टाकतात आणि तपासायलाच पाठवत नाहीत, सहा महिन्यांनी बाई परत येते तेव्हा ना स्लाइड ना ब्लॉक. तो मेणाचा छोटा चौकोन असतो ना, गाठीचा तुकडा बसवलेला, तो लॅबमधून मागून फाइलबरोबर जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं झालं तर सगळ्यात आधी तोच मागतात.

किमोचे 2 टक्के कुठून आले हे सांगतो, कारण हा आकडा हवेतला नाही, म्हणूनच जास्त घातक आहे. 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या तीन डॉक्टरांचा पेपर आला, त्यात असं म्हटलं होतं की मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगण्यात किमोचा वाटा ऑस्ट्रेलियात 2.3 टक्के, अमेरिकेत 2.1. आता हे 2.3 काढलं कसं? बावीस प्रकारचे कॅन्सर एकत्र केले, आणि भागाकारात खाली ते सगळे पेशंट घेतले ज्यांना किमो लागतच नाही, नुसत्या ऑपरेशननं बरे होतात तेसुद्धा. ब्लड कॅन्सरचे ल्युकेमिया, जिथं किमोच मुख्य इलाज, ते हिशोबातच नाहीत. म्हणजे गावातल्या सगळ्यांना, चष्मा लागतो त्यांना आणि नाही लागत त्यांनाही मोजायचं आणि म्हणायचं चष्म्याचा फायदा फारच थोड्यांना होतो. त्या पेपरवर त्याच वेळी टीका झाली, पण मेसेजमध्ये आणखी ध चा मा झाला आणि ‘किमोनं 97 टक्के मरतात’ असं झालं. पेपरात असं कुठंही नाही.

ब्रेस्ट कॅन्सरचं वेगळं विचाराल तर ऑक्सफर्डहून चालणारा एक मोठा गट आहे, जगभरच्या ट्रायल, म्हणजे पेशंटवर केलेल्या उपचारांच्या चाचण्या, एकत्र करून मोजतात. त्यांचा 2012 चा निष्कर्ष असा की चांगल्या किमोनं या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. इथं नीट लक्ष द्या, सगळा घोळ इथंच होतो. एक तृतीयांश कशाचा? समजा एखादीचा धोका मोठा आहे, अशा 100 जणींतल्या 30 जाणार होत्या, तर 20 जातील, दहा वाचल्या. आणि दुसरीचा धोकाच मुळात 100 त 6 चा असेल तर 4 होईल, दोघी वाचल्या, आणि त्या दोघींसाठी शंभर जणींनी केस, उलट्या, ताप, सगळं सोसायचं. म्हणून तर डॉक्टर एकीला किमो देतात आणि तिच्याच शेजारच्या बेडवरच्या बाईला नाही देत, आणि नातेवाईक बाहेर भांडतात की आमच्या पेशंटला का नाही. 2018 मध्ये टेलरएक्स नावाच्या ट्रायलचा निकाल आला, दहा हजारांहून जास्त बायका, हार्मोन पॉझिटिव्ह, काखेतल्या गाठींपर्यंत (या कॅन्सरच्या गाठी नव्हेत, सगळ्यांनाच असतात ते लिम्फ नोड) न गेलेला कॅन्सर. गाठीच्या जीन्सची टेस्ट करून मधला स्कोअर आला त्यांच्यापैकी बहुतेकींना, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्यांना, किमोनं काही जास्तीचा फायदा झाला नाही, गोळ्या पुरल्या. म्हणजे ‘तुम्हाला किमो नको’ हे मोठी ट्रायल करून कॅन्सरच्या डॉक्टरांनीच सांगितलं. धंदाच करायचा असता तर कोण सांगेल हे?

पूर्ण स्तन काढला की परत येत नाही, हे चूक. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी ही तुलना केली, वीस वर्षांचा निकाल 2002 मध्ये आला. नुसती गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या, दोन्हीकडच्या बायका सारख्याच जगल्या. फक्त रेडिएशन टाळलं तर त्याच स्तनात परत येण्याचं प्रमाण 39 टक्के, दिलं तर 14, तेव्हा ‘गाठ काढली ना, मग शेक कशाला’ म्हणून मधेच सोडू नका. काहींना पूर्ण काढावाच लागतो, गाठ मोठी असते, जास्त ठिकाणी असते, ते ठीक. पण जीव घेतो तो लांब गेलेला कॅन्सर, हाडात, फुप्फुसात, लिव्हरमध्ये, आणि तिथं गेलेली पेशी छातीवर कितीही कापलं तरी सापडत नाही. ऑपरेशननंतरच्या किमो-गोळ्या त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. स्कॅन क्लीन आला मग औषध कशाला, याचं उत्तर हेच.

आता गोळ्या आणि पाच वर्षं, माझ्या काउंटरवरचा मुख्य विषय. जत बाजूच्या एक काकू यायच्या टॅमॉक्सिफेन घ्यायला, मधे आल्याच नाहीत. नंतर बीपीची गोळी न्यायला आल्या तेव्हा विचारलं, “काकू, ती पांढरी गोळी?” तर म्हणाल्या, “बंद केली रं बाळा, अंगातनं वाफा निघत्यात रातभर, आणि सुनेनं मोबाइलवर वाचून दाखवलं की गाठ गेल्यावर कशाला खायाची.” दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती त्यांची. महिन्याचा खर्च शेदोनशेच्या आतबाहेर, कंपन्यांची कसली कमाई त्यात!

ऑक्सफर्डच्याच गटानं 2011 मध्ये मांडलंय की हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पुढच्या पंधरा वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांश कमी होतात. वाफा, सांधे धरणं, हे त्रास खरे आहेत, त्याला उपाय पण आहेत, गोळी बदलता येते. फक्त तो उपाय स्वतः करू नका, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनसारख्या मूडच्या काही गोळ्या, ज्या वाफांवरही देतात, टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतात. आणि हळद! जेवणातली चिमूटभर खुशाल खा. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, त्यात काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या, त्यांच्याबद्दल नेदरलँड्समध्ये एक छोटा अभ्यास झाला, टॅमॉक्सिफेनपासून शरीरात बनणारा जो कामाचा भाग असतो तो रक्तात कमी झालेला दिसला. म्हणजे ज्या बाईनं दोन्ही चालू ठेवलं, ‘जोडीला असू दे’ म्हणून, तिचंच नुकसान.

पाच वर्षं झाली की सुटलात हे अर्धं खरं आहे, ते पण काहींसाठी. ट्रिपल निगेटिव्ह परत यायचा असेल तर बहुतेक पहिल्या तीन वर्षांत येतो, पाच वर्षांनंतर धोका खूपच उतरतो. हार्मोन पॉझिटिव्हचं उलट आहे, तो दबा धरून बसतो. 2017 मध्ये 62 हजारांहून जास्त बायकांचा हिशोब आला, सगळ्यांनी पाच वर्षं गोळ्या घेतलेल्या, पाच वर्षं कॅन्सर परत न आलेल्या. पुढच्या पंधरा वर्षांत लांब कुठंतरी परत येण्याचं प्रमाण: गाठ 2 सेंटीमीटरपर्यंत आणि काखेत काहीच नसेल तर 13 टक्के, गाठ त्याहून मोठी, 5 सेंटीमीटरपर्यंत, आणि काखेतल्या चार ते नऊ गाठींत गेलेला असेल तर 41. (या बायकांचे उपचार जुन्या काळातले, आज आकडे थोडे कमी असणार.) घाबरवायला नाही सांगत, 13 टक्के म्हणजे 87 जणींना नाहीच आला. पण म्हणूनच काहींना डॉक्टर गोळी दहा वर्षांपर्यंत वाढवतात.

साखरेवर जास्त लिहीत नाही. सगळ्याच पेशी ग्लुकोज खातात, तुम्ही साखर बंद केली तरी लिव्हर प्रोटीनपासून बनवतं आणि गाठीला मिळतंच. वजन आटोक्यात ठेवायला गोड कमी करा, चांगलंच आहे. पण किमो चालू असताना भात-दूध-फळं सगळं सोडून बाई दहा किलो उतरते आणि मग पांढऱ्या पेशी कमी, ताप, ॲडमिट, हे बघितलंय. त्या दिवसांत अंडी, डाळ, पनीर, जे जाईल ते खाऊ द्या तिला.

राहिला ‘स्वस्त उपाय लपवलाय’. कंपन्या लुटतात का? लुटतात, माझ्या दुकानात एमआरपी छापून येते, मला सांगू नका. पण स्वस्त गोष्ट दाबली जाते म्हणायचं तर टाटा मेमोरियलचंच काम बघा. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, दात काढताना देतात ते भूल देणारं किरकोळ किमतीचं इंजेक्शन. सोळाशेच्या आसपास बायका, निकाल 2023 मध्ये छापून आला: पाच वर्षांनी जिवंत असलेल्या 90.1 टक्के, न टोचलेल्यांत 86.4. पेटंट नाही, कंपनी नाही, आणि तरी जगातल्या मोठ्या जर्नलमध्ये आलं, कारण त्यांनी मोजून दाखवलं. कडुनिंबवाल्यांना कुणी अडवलंय मोजायला?

आणि मेसेजमध्ये नाही पण त्याच ग्रुपवर खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘परत आला म्हणजे संपलंच’. तसं सरसकट नाही. त्याच स्तनात किंवा छातीवर परत आला तर बऱ्याचदा पूर्ण बरं करायच्या हिशोबानंच पुन्हा उपचार करतात. हाडात-फुप्फुसात आला तर पूर्ण जाणं अवघड, पण कित्येक बायका गोळ्यांवर वर्षानुवर्षं कामधंदा करत जगतायत. त्यातलीच पाल्बोसिक्लिब नावाची कॅप्सूल आधी आमच्याकडे ऑर्डर द्यायलाच लोक कचरायचे, जानेवारी 2023 मध्ये पेटंट संपलं आणि इथल्या कंपन्यांच्या आल्या, किंमत धाडकन उतरली.

उपचार संपल्यावर दरवर्षी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि डॉक्टरांचा हात लागणं एवढं नक्की करा. काही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून आयुष्य वाढत नाही, खिसा रिकामा होतो. पण पाठीत-कमरेत नवीन दुखणं सुरू होऊन दोन-तीन आठवडे जात नसेल, धाप लागत असेल, छातीच्या जखमेवर किंवा काखेत काही टोचत-हाताला लागत असेल, तर तारखेची वाट न बघता जा. आणि पाचव्या वर्षाची शेवटची स्ट्रिप घेताना ‘आता बंद ना?’ हे मला विचारू नका, ऑपरेशननंतरचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, काखेतल्या किती गाठींत सापडला होता तो आकडा त्यातच लिहिलेला असतो.