‘खिडकीत उभं राहून ओढली तर घरच्यांना काही होत नाही’? होतं!

फॅमिली ग्रुपवर एक सल्ला फिरतो आहे: ‘खिडकीत उभं राहून, पंखा लावून किंवा संडासात एक्झॉस्ट चालू करून सिगारेट ओढा. बराचसा धूर फिल्टरच गाळतो, उरलेला बाहेर जातो. थोडा राहिला तरी शहराच्या हवेत याहून जास्त असतो.’

आधी फिल्टर. तो फक्त झुरक्यातला धूर गाळतो, तोही थोडाच. सिगारेट तपासायच्या प्रमाणित यंत्रात मिनिटाला एकच झुरका घेतात, 2 सेकंदांचा. उरलेली 58 सेकंदं टोक नुसतं धुमसत असतं आणि तो धूर फिल्टरकडे जातच नाही. झुरका घेताना टोक 900 अंशांच्या आसपास तापतं. मधल्या वेळात आच उतरते, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स जास्त निघतात. घरच्यांच्या छातीत जातो तो मुख्यतः हाच धूर.

छताचा पंखा धूर बाहेर टाकत नाही, खोलीभर फिरवतो. वारा आत येत असेल तर खिडकीतला धूरही आतच येतो. कण एक मायक्रॉनहून बारीक असतात, तासन्‌तास तरंगतात, म्हणून वास गेला तरी धूर गेला असं धरू नका. एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर कण धरतो, कार्बन मोनॉक्साइड नाही.

संडासातला एक्झॉस्ट अनेक इमारतींत डक्टमध्ये, म्हणजे मधल्या उभ्या मोकळ्या पोकळीत, उघडतो. वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्याही तिथेच. गरम हवा वर चढते आणि तुमचा धूर वरच्या घरातलं लहान मूल घेतं. हे आम्हाला सगळ्यात गंभीर वाटतं, कारण त्या घराला खिडकी बंद करण्यापलीकडे काहीच करता येत नाही.

शहराची हवा वाईट आहेच. घरातला धूर तिच्यात भर घालतो, तिची जागा घेत नाही.

राहिलं ‘थोडा’. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) 2006 च्या अहवालानुसार स्वतः न ओढता घरी किंवा कामावर असा धूर घेणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो आणि याची निर्धोक पातळीच नाही. भारतात 2016-17 च्या पाहणीत 38.7 टक्के प्रौढांना हा धूर घरातच मिळत होता.

ओढायचीच असेल तर इमारतीबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब ओढा. परत आल्यावर बाळाला घेण्याआधी हात धुवा आणि शर्ट बदला. निकोटीन कपड्यांना चिकटून राहतं.