अकरा महिन्यांचा चहा

झाले अकरा महिने, आली मालकांची हाक! "या की चहाला." सांगलीत घरमालकानं असं प्रेमानं बोलावलं की समजायचं, भाडं वाढलं. विश्रामबागेत पाच वर्षांतला हा माझा पाचवा चहा.

करार नोंदवूया म्हटलं की, "कशाला उगं खर्च? आपण काय परके हाय काय?" अहो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, नोंदणीची जबाबदारी मालकाचीच! पण हे बोललं की आपण लगेच 'वकीलसाहेब'. पावती मागितली की आपला विश्वास नाही.

आणि डिपॉझिट? ते तर कृष्णेच्या पुरात सोडल्यासारखंच. रंगाचे कापले, खिळ्याचे कापले. एका खिळ्याचे पाचशे! सोन्याचा होता काय?

वर रडगाणं यांचंच. "गावभागातल्या वाड्यात जुना भाडेकरू शंभर रुपयांत बसलाय. कायदा वर्षाला ४ टक्क्यांच्या वर वाढवू देत नाही!" मग त्याचं उट्टं माझ्यावर? तो शंभरात, मी अकरा हजारांत!

उद्या संध्याकाळी बोलावलंय. सोबत चिवडाही असला तर हजाराच्या खाली सुटका नाही.