तिसरी ओळ म्हणजे दोन

सकाळपासून काका फोनवर एकेका नातेवाइकाला सांगतायत की मला तीनपर्यंत मोजता येत नाही. येतं मला!

झालं काय, की माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे आणि एक दुसरी सिस्टिम आहे, नाव नको. दुसरीने अपडेट घेतला आणि बूट ऑर्डरमधे, म्हणजे मशीन चालू झाल्यावर आधी कोण उठणार त्या यादीत, स्वतःचा नंबर पहिला लावून घेतला, आणि कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या ग्रब नावाच्या प्रोग्रॅमचा मेनू गायब. तो परत आणला तर त्यात दुसरीच दिसेना, कारण ग्रबच्या 2021 च्या 2.06 व्हर्जनपासून ओएस-प्रोबर, म्हणजे दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम, सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला असतो. हे मला रात्री अकरा वाजता कळावं! तोही चालू केला. उरलं एवढंच की सकाळी ताईला दुसरी सिस्टिम लागणार, तर ती आपोआप उघडावी.

तेवढ्यात काका खुर्ची ओढून शेजारी बसले. ते नुसते बसत नाहीत, स्क्रीनवरचं मोठ्याने वाचतात. आत्ता मेनूखाली उलटे मोजले जाणारे सेकंद वाचत होते.

"पाच... चार... अरे तीन झाले, दाब काहीतरी!"

मेनूत चार ओळी, आपल्याला हवी ती तिसरी. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमधे मी डिफॉल्टला, म्हणजे आपोआप उघडायच्या ओळीला, 3 लिहिलं, अपडेट-ग्रब ही कमांड मारली, रीस्टार्ट केलं. मशीन थेट चौथ्या ओळीत, फर्मवेअर म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमधे.

"चुकलास."

"हो काका, ते शून्यापासून मोजतात. तिसरी म्हणजे दोन."

"मग पहिली म्हणजे काहीच नाही?"

"पहिली म्हणजे शून्य."

"आणि ते सेकंद?"

"ते सरळ. पाच म्हणजे पाच."

"एकाच फाइलमधे दोन हिशोब? आमच्या ऑफिसात असा कारकून दुपारपर्यंत टिकला नसता."

मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्तच डोकं फिरलं. त्या तिरमिरीत 2 लिहिलं, रीस्टार्ट केलं, परत फर्मवेअर.

"सेव्ह केलंस ना?"

केलं होतं हो, पण ग्रब सुरू होताना ती फाइल बघतच नाही, तिच्यावरून अपडेट-ग्रब दुसरी फाइल बनवतं आणि ग्रब ती वाचतो, आणि ते मारायचं मी विसरलो होतो. हे सगळं समजावल्यावर काका म्हणाले, "म्हणजे अर्ज लिहिलास, पण दिलाच नाहीस."

मग त्यांना त्या मोजणीचा ताण यायला लागला. "याला एवढी घाई कसली? थांबव ना त्याला." तेव्हा मी, खरं तर त्यांनी झोपायला जावं म्हणून, टाइमआउटला, म्हणजे त्या पाच सेकंदांच्या जागी, उणे एक लिहिलं. उणे एक म्हणजे कोणी एंटर दाबेपर्यंत थांबायचं. उणे एक सेकंद म्हणजे कायमचं! याच्यावर मात्र काकांची काही हरकत नाही, "हे पटलं" म्हणाले आणि गेले.

सकाळी ताईने मशीन चालू केलं तर मेनू तसाच उभा. आपोआप उघडण्याचा माझा रात्रभराचा खटाटोप त्या उणे एकने खाल्ला होता. तिने आतून विचारलं, "यातलं कुठलं रे?"

मी तोंड उघडायच्या आत काका ओरडले, "तिसरी ओळ! त्याला विचारू नको, तो दोन सांगेल."