रुपयाचं चिन्ह लावलं म्हणजे रुपयाचा भाव झाला का?

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. सत्तर डॉलरचा नवा कॉम्प्युटर गेम, डॉलरच्या दराने नुसता गुणाकार करून मोकळ्या होणाऱ्या कंपनीकडून, ५,९९९ रुपये. म्हणजे वावरातलं अख्खं क्विंटल विकलं आणि हमीभाव पुरता पदरात पडला (पडतो का राजेहो, बाजार समितीत?), तरी गेमला ६७१ रुपये कमीच. आणि वरून ऐकवायचं की हा ‘इंडियन प्राइस’ आहे. कायचा इंडियन? डॉलरला रुपयाचं चिन्ह चिकटवलं, झालं काम.

हे नकळत होतं असं समजू नका. स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तिथे २०१५ पासून भाव रुपयात आहेत. गेम टाकणाऱ्याने डॉलरमधला भाव भरला की बाकीच्या चलनांचे सुचवलेले आकडे त्याच्या समोर येतात. ते नुसत्या विनिमय दराने काढलेले नसतात. त्या देशातल्या माणसाची ऐपत, तिथली महागाई धरून काढलेले असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो सगळा तक्ता नव्याने केला, तेव्हाही रुपयाचा आकडा सरळ गुणाकाराच्या बराच खाली होता. मग ५,९९९ येतात कुठून? समोर आलेला आकडा खोडून कोणीतरी स्वतःच्या हाताने मोठा आकडा टाकतो, तिथून. एक गोष्ट मात्र खरी, आपल्या भावात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो आणि अमेरिकेतल्या ७० डॉलरवर कर वेगळा लागतो. ५,९९९ मधले साधारण ९१५ रुपये सरकारचे. ते काढले तरी पाच हजारांच्या वर उरतातच ना बे.

बरं, सगळ्याच साइट रुपयात विकतात असंही नाही. डॉलरमध्ये विकणाऱ्या साइटवरून २० डॉलरचा गेम घ्या. ८६ चा दर धरला तर १,७२० रुपये. त्यावर बँकेचा फॉरेन करन्सी मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात पैसे भरल्याचा जादा आकार, ३.५ टक्के, ६० रुपये २० पैसे. त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, १० रुपये ८४ पैसे. झाले १,७९१. दरही तुम्ही बटन दाबलं त्या दिवशीचा लागेल असं नाही, व्यवहार बँकेत पक्का होतो त्या दिवशीचा लागतो. अडत्याकडे हमाली, तोलाई कापतात तेव्हा निदान हिशेबपट्टीवर लिहून तरी देतात. इथे मार्कअप बरेचदा मागाहून वेगळ्या ओळीत, वेगळ्या तारखेला कापला जातो, आणि पासबुकात पाहणारा डोकं खाजवत बसतो.

याहून बेरकी प्रकार म्हणजे साइट रुपयात, पण दुकान परदेशात नोंदलेलं. तिथे काही बँका रुपयातल्या व्यवहारावरही १ टक्का आणि वर जीएसटी लावतात. आणि पैसे भरताना ‘डॉलरमध्ये देता की रुपयात’ असं विचारलं तर रुपयाला भुलू नका, तो दर त्यांनी स्वतःचा नफा चढवून ठेवलेला असतो. आधी बँकेचं शुल्कपत्रक पाहा, मग ठरवा.

गावात बहुतेकांकडे जनधनचं साधं रुपे कार्ड. ते अशा साइटवर चालतच नाही, आणि ओटीपी येत नाही म्हणून लोक नेटवर्कला शिव्या घालतात. व्हिसा-मास्टरकार्ड असलं तरी नव्या कार्डावर २०२० पासून आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंगमध्ये जा, इंटरनॅशनलखाली फक्त ऑनलाइन चालू करा, मर्यादा गेमच्या भावापेक्षा शे-दोनशे जास्त ठेवा आणि खरेदी झाली की लगेच बंद करा. परदेशी साइट पुष्कळदा ओटीपी विचारतच नाही, चालू ठेवलेलं कार्ड म्हणजे उघडं कोठार. त्यापेक्षा जिथे यूपीआय आहे, जसं स्टीमवर, तिथे तेच वापरा. मार्कअप नाही, झंझट नाही.

‘व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं साइटला दाखवणारं ॲप) लावून अर्जेंटिनाचा स्वस्त भाव घे’ सांगणारे शहाणे अजूनही भेटतात. बाप्पा, नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने अर्जेंटिना आणि तुर्कस्तान दोन्हीकडचे भाव डॉलरवर नेले. शिवाय स्टीमच्या खात्यावरचा देश बदलायला त्या देशातलं कार्ड लागतं, आणि तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो. पकडले गेलात तर खातं अडकतं.

आता रिफंड. खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे दोन तासांहून कमी, हा स्टीमचा नियम कागदावर झकास आहे. पण गेम १०० जीबीचा, आणि रोजचा डेटा २ जीबी. उतरायलाच ५० दिवस! गेम सुरू होतो की नाही हे कळायच्या आधी मुदत संपलेली. डॉलरमध्ये घेतलेल्या गेमचे पैसे परत आलेच तर त्या दिवशीच्या दराने येतात, आणि मार्कअप बहुतेक वेळा बँकेच्याच घशात राहतो.

म्हणून आधी गेम विकत घेऊच नका. तालुक्याला ज्याच्याकडे तो गेम आहे, त्याच्या कॉम्प्युटरवर स्टीमच्या ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरातून गेमचं फोल्डर पेनड्राइव्हवर आणा. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एक्सफॅट किंवा एनटीएफएस पाहिजे, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल जात नाही. घरी तेच फोल्डर त्याच जागी ठेवा, मग यूपीआयने पैसे भरा आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम आहे त्या फाइली तपासून फक्त उरलेलं उतरवतं, आणि १४ दिवस खरोखरच १४ दिवस हातात राहतात.