गावरान, सेंद्रिय आणि वीसला दोन

सगळ्यात आधी पिशवी घ्या. कापडी. घरात जुन्या लुगड्याच्या, उशीच्या अभ्र्याच्या सात-आठ पडलेल्या असतील, त्या नकोत. त्यांच्यावर काही लिहिलेलं नसतं. पिशवीवर झाडाचं चित्र हवं, शेतकऱ्याबद्दल एखादं वाक्य हवं. नाहीतर कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात शिरताना तुम्ही जबाबदार ग्राहक आहात की बायकोनं मेथीला पिटाळलेले गृहस्थ, हे लोकांना कळायचं कसं? माझी पिशवी अडीचशे रुपयांची आहे. बळीराजाला त्याच्या घामाचा दाम मिळो, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यावर छापलंय. तीच खांद्याला अडकवून गेल्या रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात मी एका मावशींशी पाच रुपयांसाठी सात मिनिटं भांडलो.

हे भांडण नीट शिकून घ्या, पुढं उपयोगी पडतं.

"कोथिंबीर कशी दिली?"

"पंधराला येक, पंचवीसला दोन."

"वीसला दोन द्या. आणि गावरानच आहे ना?"

"कोथमीर गावरान न्हाई तर काय लंडनची असत्या व्हय?"

"तसं नाही मावशी, औषध-बिवषध मारलंय का?"

"रान माजंच हाय. पाटंच्या यष्टीनं आलोय मी. काय मारलंय न् काय न्हाई, मलाच ठावं की."

इथं गप्प बसू नका. उत्पादक स्वतः समोर बसलेला असणं, रान त्याचंच असणं, माल आज पहाटे उपटलेला असणं, याला पुरावा म्हणत नाहीत. पुरावा म्हणजे छापील कागद. तो नसला की भाव पाडायचा हक्क आपोआप मिळतो. मी जुडी उलटीपालटी केली, मुळाची माती झटकली, "पानं जरा पिवळीच दिसतायत" असं पुटपुटलो आणि दोन पावलं पुढं गेलो. हे दोन पावलं जाणं महत्त्वाचं. तिसरं टाकायच्या आत हाक येते.

"या, घ्या जावा वीसनं. भवानीचा टाइम हाय."

वर चार हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी मी मागून घेतली. मावशींचा हात मातीनं काळा झाला होता, नखाला मेथीचा हिरवा डाग होता. त्या हाताचा फोटो घ्यायला विसरू नका. "थेट शेतकऱ्याकडून" या ओळीखाली तो फार शोभतो.

तिथून थेट शहराच्या बऱ्या भागातल्या त्या थंडगार दुकानात जा. नाव सांगत नाही, तुम्हाला माहीत आहेच. अशीच कोथिंबीर तिथं खाकी कागदाच्या पट्टीत गुंडाळून झोपवलेली असते. साठ रुपये. मुळं कापलेली, माती धुतलेली, शेतकऱ्याचा हसरा फोटो चिकटवलेला. इथं भाव करायचा नसतो. काउंटरवरच्या पोराला "भवानी झाली का?" असं विचारलंत तर तो तुमच्याकडे दयेनं बघेल. मी मुकाट्यानं कार्ड काढलं, वर कागदी पिशवीचे दहा दिले, कारण खांद्यावरची कापडी पिशवी मावशींच्या मातीनं बरबटली होती.

आता गूळ. कोल्हापुरात राहून गुळाबद्दल मत नसेल तर घरपट्टी भरू नका. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे चारचौघांत सांगता आलं पाहिजे. मग गुऱ्हाळाची सहल काढा. थंडीत, पोरांना घेऊन. चरकातून रस, रस काहिलीत, खाली चुलाणात चिपाडाचा जाळ, रानभेंडीचा रस टाकला की मळी वर येते, ती काढून टाकायची. मग गुळव्या नुसत्या नजरेनं पाक ओळखतो. इतका मोठा ऐवज एका माणसाच्या डोळ्यावर सोडलेला असतो, आणि तो माणूस घामानं निथळत तुमच्या पोराच्या हातावर काकवी ठेवतो.

हे सगळं बघून तुम्ही गुऱ्हाळवाल्या मामांना विचारायचं, "मामा, यात केमिकल नाही ना?"

मामा प्रामाणिक असले तर सांगतील. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रसात हायड्रॉस पावडर पडते. सगळ्यांच्याच काहिलीत पडते असं नाही, पण पडते. का पडते, तर मार्केट यार्डातल्या सौद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडला की पहिला बघतात तो रंग. पिवळा असला की बोली चढते, काळपट असला की व्यापारी तोंड फिरवतो. व्यापारी का फिरवतो, तर पुढं गुजरातला पिवळाच खपतो. आणि किराणा दुकानात दोन ढेपा समोर ठेवल्या की तुमची आई, माझी आई आणि आपण सगळे वर्षानुवर्षं "तो नको वो, तो काळा दिसतोय, हा द्या" असं म्हणत आलोय. बोट ठेवून.

म्हणजे पावडर काहिलीत पडली ती आपल्या डोळ्यातून. पण हा विचार तिथं करू नका, सहल फुकट जाईल. "शेतकरीसुद्धा आता विष कालवायला लागले" एवढं म्हणून गाडीत बसा. पुढं वर्षभर काळा गूळ काचेच्या बरणीतून दुप्पट भावानं आणा आणि पाहुणे आले की मुद्दाम विचारा, "रंग बघितलात?"

बरणीवरचं लेबल मात्र पूर्ण वाचायचं. रसायनविरहित, लाकडी-अमुक, पारंपरिक-तमुक, सगळं असतं. ऊस कुणी तोडला ते नसतं. बीडकडून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात, नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आगाऊ पैशांची उचल अंगावर घेऊन आलेली असते, पालं फडाच्या कडेला पडतात. ऊस अस्सल स्थानिक, तोडणारे हात परजिल्ह्याचे. लेबलाला जागा कमी असते, त्यांचा नाइलाज आहे.

पिशवीवरच्या त्या वाक्याची परीक्षाही अधूनमधून होते. नोव्हेंबर 2023 मध्ये ऊसदरासाठी शेतकऱ्यांनी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला होता. अशा वेळी तुम्ही गाडीत अडकलात तर काच वर घ्या, हॉर्न दाबा आणि "यांना दुसरं काम नाही" असं म्हणा. पिशवी मागच्या सीटवर असते, तिला ऐकू जात नाही. दराचं आंदोलन आपल्याला अगदीच समजत नाही असंही नाही म्हणा. 2019 सरताना याच शहरात मटणाच्या दरावरून पेठापेठांतून कृती समित्या उभ्या राहिल्या, बैठका झाल्या, दुकानं बंद पडली. तेव्हा मात्र कोणी हॉर्न वाजवला नाही. पांढऱ्या रश्श्याचा प्रश्न होता.

तांदूळ घ्यायचा तर आजरा घनसाळ. बारीक, आखूड, शिजताना शेजारच्या घरात कळतो. उत्पन्न कमी म्हणून शेतकरी तो बेतानं करतो. 2016 मध्ये त्यालाही मानांकन मिळालं. आजरा आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, यष्टीनंही जाता येतं. पण जाऊ नका. मोबाइलवरून मागवा. मी मागवला. चौथ्या दिवशी खोकं आलं, खोक्यावर भिवंडीच्या गोदामाचा शिक्का. म्हणजे माझा तांदूळ आजऱ्यातून निघून, बहुधा माझ्याच घरावरून, भिवंडीला गेला, तिथं विश्रांती घेऊन चारशे किलोमीटर परत आला. पाकिटावर हिरव्या अक्षरांत 'स्थानिक' असं लिहिलं होतं. कुठला स्थानिक हे लिहिलं नव्हतं, त्यामुळं खोटं म्हणता येत नाही. घरात वास दरवळला तेव्हा आमच्या आजऱ्याच्या पाव्हण्यांची आठवण आली. दरवर्षी ते "दहा किलो ठेवू का रं तुला?" असं विचारतात आणि दरवर्षी मी "कशाला उगाच त्रास" म्हणतो.

नाचणीचंही तसंच. भुदरगड-चंदगडकडची म्हातारी माणसं पाव्हण्यांसमोर नाचणीची भाकरी ठेवायला लाजायची, गरिबी दिसते म्हणून. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि नाचणीची बिस्किटं झाली. आता गहू बिचारा लाजतो.

भाजी धुण्याविषयी थोडं. नदीकाठची भाजी घरी आली की तीनदा धुवा आणि प्रत्येक वेळी म्हणा, "पंचगंगेच्या पाण्याचा काय भरवसा!" बरोबर आहे. जयंती नाल्यातून शहराचं सांडपाणी नदीला जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाजी धुतलेलं ते पाणी मोरीत सोडून द्या. ते कुठं जातं याच्या मागं लागू नका, नाहीतर इतकी अस्सल स्थानिक साखळी सापडेल की पिशवीवर छापायला जागा पुरणार नाही.

राहिलं दूध. बाहेरगावचा पाव्हणा आला की त्याला गंगावेशीत न्या. कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, ग्लास हातात. मधे टँकर नाही, पाकीट नाही, शिक्का नाही. पुस्तकात लिहितात तसलं स्थानिक अन्न याहून जवळ कुठं मिळायचं, म्हैस तुमच्याकडे बघत असते. पण बघण्यावर जाऊ नका. ऑगस्ट 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं दुधावरचे 'ए-वन', 'ए-टू' असले, म्हणजे त्यातल्या प्रथिनाच्या प्रकाराचे, दावे काढून टाका म्हणून सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो हुकूम मागंही घेतला, तेव्हापासून माझा या विषयाचा अभ्यास वाढलाय. म्हशीचं दूध मुळातच ए-टू जातीचं असतं हेही मला माहीत आहे. तरी विचारलं. विचारलं की समोरच्याला कळतं आपण कोण आहोत ते.

"मामा, दूध ए-टू आहे का?"

मामांनी धार थांबवली. आधी माझ्याकडे बघितलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडे.

"न्हाई," ते म्हणाले. "म्हस हाय."

आणि काठापर्यंत फेस आलेला ग्लास पुढं केला. स्टीलचा. मी काचेचा मागितला, स्टीलमधला फेस फोटोत दिसत नाही.