'दोन दिवस नेट तोडलं' या तक्रारीवर मालकाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय, की होस्टेलच्या भिंतीतलं इंटरनेट नुसतं शोभेला आहे, स्वतःचा राउटर लावला म्हणून मालकाने दोन दिवस नेट तोडलं आणि वर आवाज चढवला. आवाज चढला, त्याची माफी मागतो. ते चुकलंच.

पण 'दोन दिवस' हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

त्या रात्री पावणेदहाला पहिला फोन आला: दुसऱ्या मजल्यावर नेट नाही. दुसऱ्या दिवशी मुलांचा पेपर. वर जाऊन बघतो तर ज्यांचे लॅपटॉप संध्याकाळपासून जोडलेले, त्यांचं सुरळीत. ज्याने वायर नव्याने लावली, त्याचं बंद. एकाच्या स्क्रीनवर गेटवेचा, म्हणजे नेटकडे जाणाऱ्या दाराचा, पत्ता १९२.१६८.०.१ दिसला. नेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला असा आकडी पत्ता आपोआप मिळतो, आणि आमच्याकडचे सगळे पत्ते १० ने सुरू होतात. म्हणजे आमच्याखेरीज आणखी कुणीतरी इमारतीत पत्ते वाटत बसलं होतं. मग जिन्याखालची पेटी उघडली आणि टॉर्च दातात धरून स्विचमधली, म्हणजे खोल्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या यंत्रातली, एकेक वायर काढून बघत बसलो. (वायरींवरचे खोली क्रमांक पुसले गेलेत, तो माझा आळस.) सोळावी वायर काढली आणि मुलांना परत जोडायला सांगितलं, तेव्हा कुठे मजला सुरू झाला. साडेबारा वाजले होते. सोळावी तुमची होती.

खोलीला कुलूप. तुम्ही राउटर चालू ठेवून घरी गेला होतात. तीनदा फोन केला, उचलला नाहीत. परत आलात तेव्हा भिंतीतली वायर तुमच्या समोरच राउटरच्या लॅनच्या (आतली यंत्रं जोडायच्या) खोबणीतून काढून वॅनच्या (बाहेरून नेट घ्यायच्या) खोबणीत घातली आणि दहा मिनिटांत तुमचा पोर्ट (स्विचमधली तुमच्या खोलीच्या वायरीची जागा) सुरू करून दिला. मग ज्या दोन दिवसांत तुम्ही खोलीतच नव्हतात, त्या दोन दिवसांचं नेट मी तोडलं कसं?

"माझं तर चालत होतं" असंही लिहिलंय. चाललं असेल. तुमच्या फोनला नशिबाने आमच्याकडचा पत्ता मिळाला असेल. वायर लॅनमध्ये गेली की राउटर खोलीपुरता राहत नाही, मजलाभर पत्ते वाटतो आणि त्याच्या पलीकडे इंटरनेट तर नसतंच. शेजारच्या खोल्यांनी काय पाप केलं होतं?

मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक, नोंदवण्याला तुम्ही जाच म्हणता. नियम असा, की एका पोर्टवर एकच नोंदलेलं यंत्र लावायचं, आणि तुमचा लॅपटॉप आधीच नोंदलेला होता. राउटरच्या पोटाखाली स्टिकर असतो, त्यावरचा मॅक पत्ता ऑफिसात दिला की झालं. मग राउटरमागे चार यंत्रं लावा, आमची ना नाही. प्रवेशाच्या कागदावर हे आहे, खाली तुमची सही आहे. अक्षर बारीक आहे, ते मान्य. मोठं करून दारामागे लावतो. ठरलेल्या पोर्टखेरीज कुणाला पत्ते वाटू न देणारा स्विच मिळतो म्हणतात, तंत्रज्ञाला विचारलंय, बघू.

प्रवेशाचे दिवस जवळ आलेत, पालक हेच वाचून फोन करतात. तारे तुमचे, ते वाढवा म्हणत नाही. 'दोन दिवस' तेवढं दुरुस्त केलंत तर बरं होईल. आणि गडबडीत तुमच्या राउटरची जास्तीची पांढरी वायर माझ्या खिशात राहिली होती, ती ऑफिसात ठेवली आहे. घेऊन जा.