बेचाळिसाव्या वर्षी मोकळे व्हा, फक्त घरी सांगू नका

तुम्ही तिशीत आहात, गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, मुक्काम पुण्यात, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आणि रात्री अकराला क्लायंटचा कॉल संपला की तुम्ही ते रील बघता ज्यात एक पोरगा गोव्याला वाळूत बसून सांगतो की मी ३८ व्या वर्षी रिटायर झालो, आता काहीच काम करत नाही (म्हणजे दिवसाला तीन रील, आठवड्याला एक वेबिनार आणि एक पेड कोर्स, एवढंच). बघून बघून तुम्हालाही ते वेड लागलंय. उत्तम. आता हे वेड खान्देशच्या हवामानात कसं टिकवायचं ते ऐका.

सगळ्यात आधी आकडा काढायचा. वर्षाचा खर्च गुणिले २५, संपला विषय. महिन्याला ५० हजार लागतात, म्हणजे वर्षाला ६ लाख, म्हणजे दीड कोटी जमले की राजीनामा. हे पंचवीस कुठून आले असं विचारायचं नसतं, पण तुम्ही विचारणार, म्हणून सांगतो. विल्यम बेंगन नावाच्या एका अमेरिकन सल्लागारानं १९९४ ला हिशोब मांडला की निम्मे-अर्धे पैसे शेअरात, बाकी बाँडमध्ये ठेवले, पहिल्या वर्षी ४ टक्के (म्हणजे पंचविसावा हिस्सा) काढले आणि पुढं महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली तर पैसा ३० वर्षं पुरतो. शेअर तिकडचे, महागाई तिकडची, वर्षं ३०. तुम्ही ४२ ला मोकळे होणार, म्हणजे ७२ पर्यंतची सोय झाली. तुमची आजी नव्वदीत आहे आणि अजून गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालून वरून सुनांना सूचना देते, ही गोष्ट हिशोबात घेऊ नका, उगाच मूड जातो. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे ४२ ला दीड नाही, तीन कोटी लागतील, हेही एक्सेलमध्ये टाकू नका.

खर्चाच्या यादीत किराणा, पेट्रोल, लाइट बिल आणि ओटीटी एवढंच लिहा. भाच्याचं लग्न लिहू नका. तुम्ही मामा आहात, लग्न मे महिन्यात आहे, उन्हाचा पारा पंचेचाळिशीत, मंडपात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी, आणि बहिणीच्या सासरचे सगळे मामा काय आणतो ते बघायला बसलेत, तिथं तुम्ही सांगणार आहात का की माझा सेव्हिंग रेट ६५ टक्के आहे? मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येणार. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाचे रोट, सगळी भाऊबंदकी एका घरात, आणि पुण्यात कमावतो तो एकटा तुम्ही. कोणाच्या बायपासला, कोणाच्या बोअरला, कोणाच्या पोराच्या क्लासला तुमच्याच खात्यातून जातं आणि परत येतं ते फक्त आंबे नाहीतर केळीचा घड. या सगळ्यासाठी शीटमध्ये 'इतर' असा एक रकाना करा, त्यात दोन हजार लिहा आणि पुढं चला.

आता गुंतवणूक. वडिलांची पद्धत मागासलेली होती हे पहिल्या दिवसापासून घरात ठणकावून सांगायचं. विशेषतः आईला, कारण ती दर दिवाळीला जळगावच्या सराफ बाजारात जाते. तिला समजवा की सोनं म्हणजे डेड असेट, घडणावळ जाते, वर ३ टक्के जीएसटी, मोडायला गेलं की घट. ती हो हो म्हणेल आणि पाटल्या घेऊन येईल. २०१५ ला तोळा २६-२७ हजारांच्या आसपास होता आणि २०२५ ला लाखाच्या वर गेला, हे तिला माहीत आहे, फक्त ती तुमच्यासारखं टक्क्यात बोलत नाही. तुमच्या पीपीएफला एप्रिल २०२० नंतर पाच वर्षं तेच ७.१ टक्के व्याज होतं. हा विषय जेवताना निघाला तर पाणी प्या.

वडिलांची पतसंस्था मात्र खरंच मागासलेली होती, तिथं तुम्ही बरोबर आहात, आणि तिथंच नेमके तुम्ही गप्प बसलात. चेअरमन ओळखीचे, सप्ताहाला देणगी त्यांची, भिंतीवर कॅलेंडर त्यांचं, आणि व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही, पण हे काउंटरवर लिहिलेलं नसतं, काउंटरवर गणपती असतो. आपल्या जिल्ह्यात या नादात किती म्हाताऱ्यांची रिटायरमेंट आयुष्यभर लांबली ते तुम्हाला कुठल्याच रीलमध्ये दिसणार नाही.

धीर हवा असेल तर अमळनेरचं उदाहरण घ्या, सगळे घेतात. विप्रो १९४५ ला अमळनेरला सुरू झाली, वनस्पती तूप बनवायला. गावातल्या काही लोकांनी तेव्हा शेअर घेतले, बोनस आणि स्प्लिट होत होत त्यांच्या घरी कोटी झाले. तर सल्ला सोपा आहे: असा आजा निवडा ज्यानं शेअर घेतला, जो मुलीच्या लग्नात विकला नाही, दुष्काळात विकला नाही, विहिरीसाठी विकला नाही, आणि कागद ट्रंकेत ठेवून विसरून गेला. ज्यांनी विकले त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. ती बिचारी हुंडा आणि विहीर या दोन सेक्टरमध्ये डायव्हर्सिफाय झाली.

एवढा दम नसेल तर ऑप्शन्स आहेतच, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेली पैज. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच सांगितलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणाऱ्या शंभर किरकोळ लोकांतले ९३ तोट्यात गेले, सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटींच्या वर. उरलेल्या सातांत तुम्ही, दुसरं कोण.

तर समजा आकडा जमला. आता स्वप्न: गावी जायचं, दोन खोल्या, गाय, सेंद्रिय केळी, थंडीत बामणोदच्या वांग्यांची भरीत पार्टी, मित्र बोलवायचे, शांत जगायचं. अगदी करा. फक्त वडिलांना विचारू नका, कारण सत्तरीचे आहेत आणि हीच 'रिटायरमेंट' ते चाळीस वर्षं जगतायत. पहाटे लाइट आली की मोटर, ड्रीप चोकअप, मे-जूनमध्ये एक वादळ आणि अर्धी बाग आडवी, उभी राहिली तर व्यापारी बाजाराच्या बोर्डावर लागलेल्या भावापेक्षा कमीनं माल मागणार, आणि घड पिकायला लागला की तो होल्ड करून ठेवता येत नाही, लाँग टर्म वगैरे तुमच्या शेअरांसाठी. या माणसानं या बागेतून सुटका म्हणूनच तुम्हाला इंजिनिअरिंगला घातलं, आणि तुम्ही बारा वर्षं पैसे साठवून त्याच बागेत यायला निघालात. त्यांना धक्का बसला तर मेडिक्लेम चालू आहे ना, तेवढं बघा. कंपनीचा असेल तर राजीनाम्याबरोबर तोही जातो.

भुसावळच्या रेल्वेवाल्या काकांशी या विषयावर बोलूच नका. ते १ जानेवारी २००४ च्या आधी लागले, त्यांना शेवटच्या बेसिकच्या निम्मी पेन्शन, वर्षातून दोनदा डीए वाढणार, वेतन आयोग आला की सगळंच वाढणार. ते तुमची एसआयपी ऐकून घेतात, चहा पाजतात आणि म्हणतात, बरं आहे पोरा, पण परीक्षा का नाही दिली?

लग्न व्हायचं असेल तर बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका बघा. रील करणाऱ्यांच्या स्वातंत्र्यात ही गोष्ट कुठं ना कुठं असते, फक्त फ्रेमच्या बाहेर. तुम्ही पहाटे मेडिटेशन करायचं, ती सव्वानऊला डबा भरून स्कूटीवर निघणार, निवडणूक ड्युटी करणार, जनगणना करणार, आणि तुम्ही मुलाखतीत सांगायचं की आम्ही पॅसिव्ह इन्कमवर जगतो.

राहता राहिले गावातले. बेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस मंगळवारी दुपारी पारावर दिसला की एकच प्रश्न येतो, नोकरी सुटली का रे भो? तिथं आर्थिक स्वातंत्र्य वगैरे समजावत बसू नका, संध्याकाळपर्यंत तीन घरी बातमी जाईल की पोराला कंपनीनं काढलं आणि चौथ्या घरी की त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वर्क फ्रॉम होम सांगा. लॅपटॉप उघडा ठेवा, झोपताना हेडफोन लावून झोपा, गळ्यात जुनं आयकार्ड असू द्या. आणि सासरे आले, ज्यांनी पोरगी तुमचं पॅकेज बघून दिली होती, तर सरळ आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्या आणि मोठ्यानं 'येस, कॅन यू हिअर मी' म्हणत राहा, ते संध्याकाळच्या एसटीत बसेपर्यंत.